पडीचे पेरू

सुमनमावशीचे माझ्यावर जेवढे उपकार आहेत तेवढे दुसऱ्या कोणाचेच नाहीत. हे मी आईवडिलांच्या समोर सांगतो आणि त्यांनाही ते पटतं. मावशी आमच्या नात्यातली नाही. राहात्याच्या बाजूला पेरूच्या बागा तोडणाऱ्या बायकांची एक टोळी आहे, तिची ती मुकादम. तिनं मला शाळेत शिकवलं नाही, फी भरली नाही, कुठं शब्द टाकला नाही. मोबाईलवरच्या खेळात हरायचं कसं, एवढंच तिनं मला शिकवलं, आणि तेही तो खेळ आयुष्यात एकदाही न बघता.

काल हे सगळं आठवलं ते एका हातगाडीमुळे. थंडी सुरू झाली की नगरच्या सावेडीत चौकाचौकांत पेरूच्या गाड्या लागतात. ऑफिसातून स्कूटरवर घरी येत होतो. हेल्मेटच्या आत वास शिरला आणि मी आपोआप ब्रेक दाबला. गाडीपाशी एक गृहस्थ उभे होते. एकेक पेरू उचलत, अंगठ्यानं दाबत, नाक मुरडून परत ठेवत. गाडीवाली बाई फडक्यानं बाकीचे पेरू पुसत होती. शेवटी म्हणाली, "साहेब, डोळ्यानं बघा की. अंगठ्याला काय दिसतंय?" गृहस्थ रागावून निघून गेले. तिनं त्यांनी दाबलेले पाच-सहा पेरू शांतपणे वेगळे काढले आणि गाडीच्या कडेला ठेवले. मी तेच मागितले. ती माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, "दाबलेलं हायेत, दादा." मी म्हणालो, माहीत आहे, आजच खाणार आहे.

घरी येऊन बाल्कनीत बसून खाल्ले. आणि कॉलेजच्या शेवटच्या वर्षातला तो हिवाळा आख्खा समोर येऊन बसला.

आमची वस्ती पुणतांब्याच्या अलीकडे. तिथला हिवाळा म्हणजे सकाळी बागेत पाऊल टाकलं की गुडघ्यापर्यंत दवानं भिजलेली पँट. पेरूची पानं खरबरीत असतात, ओली झाली की दंडाला गार खरवडत जातात. वर पोपटांचा गोंधळ. ते अर्धा पेरू खातात आणि अर्धा टाकतात, आणि नेमका सगळ्यांत गोड निवडतात. लांब रस्त्यावरून उसाच्या ट्रॉल्या जात असायच्या, एकेका ड्रायव्हरची गाणी बागेपर्यंत ऐकू यायची आणि विरून जायची. कच्च्या पेरूचा वास हिरवा, तुरट असतो. दुपारी ऊन चढलं की त्यातला एखादा पिकलेला बोलायला लागतो. एक पिकला की आख्ख्या रांगेला कळतं.

पेरू तोडायची एक रीत आहे. फळ ओढायचं नाही. तळहातात घ्यायचं, मनगट अर्धं फिरवायचं, देठ आपणहून सुटतो. देठाला दोन पानं राहू द्यायची. आणि क्रेटमध्ये टाकायचं नाही, ठेवायचं. सुमनमावशीच्या टोळीत याच्या पुढचा आणखी एक रिवाज होता. हातातून फळ निसटून खाली पडलं, की जिच्या हातून पडलं तिनं मोठ्यानं म्हणायचं, "पडला." बस, एवढंच. मग तो पेरू क्रेटमध्ये न जाता पडीच्या टोपलीत जायचा. पडलेला पेरू त्या दिवशी अगदी चांगला दिसतो. दुसऱ्या दिवशी आतून तपकिरी होतो आणि शेजारच्यांनाही खराब करतो. म्हणून कळायला हवं. दिवसभर बागेत कुठून कुठून तो शब्द यायचा. विहिरीकडून "पडला", बांधाकडून "पडला". कुणी मान वर करून बघायचं नाही. कुणी "अगं बाई" म्हणायचं नाही. वेळ सांगावी तशा आवाजात सांगायचं आणि पुढच्या फांदीला हात घालायचा. संध्याकाळी पडीची टोपली सगळ्याजणी वाटून घरी न्यायच्या. त्याच दिवशी खाल्ला तर पडीचा पेरू सगळ्यांत गोड लागतो.

मी लहानपणापासून हे ऐकत होतो. घड्याळाची टिकटिक ऐकतो तसं. त्यात ऐकण्यासारखं काही आहे असं मला वाटलं नव्हतं.

आमच्या घरात दादा, म्हणजे वडील, सातवीपर्यंत शिकले, आई चौथीपर्यंत. मी तालुक्याच्या कॉलेजात बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला पोचलो, ही घरातली मोठी गोष्ट होती. पण खरं सांगायचं तर मी कशातच पहिला आलो नव्हतो. शाळेच्या कबड्डीत राखीव, स्नेहसंमेलनात पडदा ओढणारा. पहिल्यांदा माझं नाव कॉलेजच्या फळ्यावर लागलं ते मोबाईलच्या खेळामुळे. दोघादोघांचा नेमबाजीचा खेळ. समोरासमोर दोन जोड्या, मध्ये पडके वाडे आणि गल्ल्या. गोळी लागली की ती फेरी संपेपर्यंत तुम्ही बाहेर. आपला जोडीदार एकटा लढताना नुसतं बघत बसायचं. जी जोडी आधी पाच फेऱ्या जिंकेल तिनं डाव जिंकला. मी आणि निलेश कॉलेजात पहिले आलो आणि जानेवारीत नगरला, सावेडीत, जिल्ह्याच्या स्पर्धेला जायचं ठरलं. फळ्यावर दोघांची नावं होती. दादा बाजाराच्या दिवशी मुद्दाम कॉलेजात शिरले, फळ्यासमोर उभे राहिले आणि कुणालाही काही न विचारता परत आले. हे मला शिपायानं सांगितलं.

निलेशला मी निल्या म्हणतो. पहिलीपासून दहावीपर्यंत आम्ही एका बाकावर, कॉलेजात तो माझ्या एक वर्ष मागे. त्याच्या वडिलांचं वस्तीवर दूध संकलन केंद्र आहे.

माझा हात चांगला होता. हरणं मात्र मला जमत नव्हतं. गोळी लागली की आधी कान गरम व्हायचे. मग अंगठा काचेवर असा दाबला जायचा की नख पांढरं पडायचं. मग तोंड सुरू. नेट गेलं, मोबाईल तापला, आवाज आला नाही, निल्या कुठं मेला होता. जिंकलो तर मी जिंकायचो, हरलो तर कुणीतरी मला हरवलेलं असायचं. निल्या हसण्यावारी न्यायचा. "आज नेटचा नंबर हाय व्हय? काल माझा हुता," म्हणायचा.

डिसेंबरातल्या एका रविवारी दुपारी आम्ही गोठ्याच्या सावलीत बाजेवर बसून सराव करत होतो. समोर कुठलीतरी अनोळखी जोडी. चार-चार फेऱ्या झाल्या. शेवटच्या फेरीत निल्या म्हणत होता थांब, कोपरा सोडू नको. मी सोडला. एक जण दिसला होता आणि मला तो हवा होता. धावत गेलो आणि दोन पावलांत आडवा झालो. मागोमाग निल्याही गेला. चूक माझी होती, हे मला त्याच क्षणी माहीत होतं. म्हणूनच बहुतेक मी एवढा ओरडलो. निल्यानं आधार दिला नाही, त्याला खेळातलं काही कळत नाही, असं सगळं म्हणून झालं. आणि मग म्हणालो, "तुला काय कळणार म्हणा. दहावीला दोनदा बसलेला माणूस तू."

माईक चालू होता. पलीकडचे दोघे अनोळखी खदाखदा हसले. मी मोबाईल भिरकावला, तो गव्हाणीच्या दगडी कडेवर आपटला आणि उजव्या कोपऱ्यात काचेला तडा गेला.

निल्या दहावीत नापास झाला तेव्हा तीन दिवस शाळेकडे तोंड दाखवायला तयार नव्हता. तेव्हा मीच त्याच्याजवळ बसलो होतो. ती गोष्ट कॉलेजात कुणाला माहीत नव्हती. ती मी त्याच्यावरच फेकली. त्यानं इअरफोनची वायर बोटांभोवती सावकाश गुंडाळली, खिशात ठेवली. चुलीपाशी बसलेल्या आईला "येतो काकू" म्हणाला. माझ्याकडे न बघता गेला.

स्पर्धा जोडीची होती. बदली खेळाडू चालत नव्हता. निल्या आला नाही तर फळ्यावरचं नाव पुसलं जाणार होतं. पण त्या रात्री मला फळा आठवत नव्हता. आता तो माझ्याशी कधीच बोलणार नाही, एवढंच डोक्यात फिरत होतं.

दुसऱ्या दिवशी आमच्या बागेची तोड होती. कॉलेजला दांडी मारून मी तोडायला गेलो. राग हातातच होता. एका उंच फांदीवरचा पेरू ओढला, तो निसटला आणि खाली दगडावर पडला. टप असा बारीक आवाज झाला. मी इकडेतिकडे बघितलं. कुणी बघत नव्हतं. मी तो उचलला, शर्टाला पुसला आणि क्रेटमध्ये इतरांच्या खाली सरकवला.

टेम्पो यायच्या आधी शेडमध्ये निवड चालायची. मावशी एकेका क्रेटमध्ये हात घालून फळं वरखाली बघायची. माझ्या क्रेटमधून तिनं तो पेरू असा काढला जसा तो तिला हाक मारत होता. तिनं त्याचा देठ बघितला. मनगट फिरवून तोडलेल्याला दोन पानं असतात. याची सालच देठापाशी सोलवटली होती.

"माझ्या बायका वढीत न्हाईत," ती एवढंच म्हणाली. मग तो माझ्या हातात दिला. "सागर, हा घरी खिडकीत ठिव. उद्या घिऊन ये."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्यावर मोठा तपकिरी डाग होता. बोट लावलं तर आत जाईल एवढा मऊ. जेवणाच्या सुट्टीत मी तो मावशीपुढं धरला. बायका बांधावर भाकरी सोडून बसल्या होत्या.

"काल बरा दिसत हुता ना?" तिनं विचारलं.

मी म्हणालो, फांदी फार उंच होती.

"फांदीचं नाव म्या इचारलं न्हाई," ती म्हणाली. "पडला म्हनायला काय जातं रं? पडतोच की हातातनं. माझ्या पन पडतो. म्हनलं का मोकळं. न्हाई म्हनलं का त्यो आत बसून शेजारच्या चौघांना घिऊन जातो."

मला काय झालं कोण जाणे, मी तिला सगळं सांगून टाकलं. खेळ, निल्या, गव्हाण, दहावी. ती भाकरी मोडत ऐकत होती. खेळ तिला नीट समजून घ्यायचा होता. गोळी लागली की काय होतं, तिनं विचारलं. मी म्हणालो, मरतो. मग? मग पुढच्या फेरीत परत उठतो.

तिनं घास तसाच हातात धरला आणि बायकांकडे वळली. "ऐका गं. ह्यो मरतो, परत जिता हुतो, आन तरी बोंबलतो."

बांधावरच्या सगळ्या बायका हसल्या. एकीला ठसका लागला. मलाही हसू आलं आणि हसता हसता डोळ्यांत पाणी आलं. मावशीचा नवरा जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती. ती हसत होती, पण जरा लवकर थांबली.

"लई सोय हाय बाबा तुमची," ती म्हणाली. मग आवाज खाली आणून विचारलं, निल्या काय म्हणाला. मी म्हणालो, काही नाही, उठून गेला.

"मंग त्यो पेरू अजून क्रेटमधीच हाय की."

दुसऱ्या दिवशी सकाळी आईच्या हातातली दुधाची किटली मीच घेतली आणि संकलन केंद्रावर रांगेत उभा राहिलो. निल्या मशीनवर होता. रांगेत माझ्या पुढं आठ-दहा जण, मागं तेवढेच. एकटा गाठून बोलता आलं असतं. पण ते मी एकट्यात बोललो नव्हतो, अनोळखी लोकांच्या कानात बोललो होतो. माझा नंबर आला. मी किटली पुढं केली आणि म्हणालो, "निल्या, त्या दिवशी मी पडलो होतो. तुझं काही चुकलं नव्हतं. आणि नंतर जे बोललो ते घाण बोललो."

मागून एका म्हाताऱ्यानं विचारलं, "कुठं पडला रं? गाडीवरनं का? लागलं का लई?"

निल्या दुधाचा नमुना मशीनला लावत होता. आकडा आला. त्यानं पावती फाडली, माझ्या हातात दिली आणि पहिल्यांदा वर बघितलं.

"फॅट कमी लागलंय," तो म्हणाला. "पानी घातलं का डोळ्यातलं?"

रांग हसली. माझे कान गरम झाले, पण हे गरम होणं निराळं होतं. थंडीत शेकोटीजवळ बसल्यावर होतात तसं.

पुढचे काही आठवडे आम्ही रोज सकाळी दूध आटोपलं की केंद्राच्या ओट्यावर उन्हात बसून खेळलो. मावशीचा रिवाज आम्ही जसाच्या तसा उचलला. गोळी लागली की म्हणायचं, "पडलो." फार तर मारणारा कुठून आला ते सांगायचं. "पडलो, डावीकडून." तिसरा शब्द नाही. सुरुवातीला जड जायचं. आख्खं वाक्य मागं धक्के मारत असायचं आणि मी दार लावून उभा. मग एक नवल झालं. मी ओरडत नाही म्हटल्यावर निल्याला उरलेली फेरी नीट ऐकू यायला लागली. मला लागलेली गोळी कुठून आली ते कळायला लागलं, कारण आता ते सांगायचं असायचं. आधी मी गोळी लागल्यावर गुन्हेगार शोधायचो, आता वाट शोधायला लागलो. आणि अंगठा. बागेत मनगट फिरवताना हात जसा सैल ठेवायचा तसा काचेवर ठेवला की नेम हलेना. दडपून काहीच हातात येत नाही, हे पेरूला माहीत होतं, मला उशिरा कळलं.

त्याच हिवाळ्यात मावशी वाचायला शिकत होती. शाळेतल्या बाईंनी मोठ्या बायकांसाठी संध्याकाळचा वर्ग काढला होता. टोळीतल्या सातजणी जायच्या. मावशी वाटेतली प्रत्येक पाटी वाचायची. खताच्या गोणीवरची अक्षरं, टेम्पोच्या मागचं नाव, क्रेटमध्ये अंथरलेल्या रद्दीतल्या बातम्या. साधी अक्षरं भराभर जायची. जोडाक्षर आलं की "हितं चढ लागला" म्हणून थांबायची.

स्पर्धेच्या आदल्या दिवशी संध्याकाळी ती घरी आली. पिशवीत त्या दिवशीचे पडीचे पेरू, मीठ-तिखटाची पुडी आणि एक निळं आंतरदेशीय पत्र. त्याच्यावर पत्ता तिनं स्वतः लिहिला होता. "सुमन" मधला म बाकीच्या अक्षरांच्या दुप्पट, जणू तो पुढं होऊन दार उघडत होता.

"मऊ मातीत पडल्यालं हायेत, उद्यापर्यंत टिकत्याल. पन उद्याच संपवायचे. समोरच्यांना पन द्यायचे," ती म्हणाली. "आन खेळ झाला का ह्याच्यावर लिहून पेटीत टाक. माझ्या नावानं आजवर कुनी लिवलेलं न्हाई. नुसत्या नोटिशी येत्यात. तोंडानं काय सांगू नको. आन ते चढ घालू नको, मला मधीच कुनाला इचाराया लागंल."

मी विचारलं, हरलो तरी पत्रानंच?

"पडलास तरी पत्रानंच."

पुणतांब्याहून सकाळच्या गाडीनं निघालो. डब्यात पेरूंचा वास असा सुटला की समोरच्या बाकावरची मुलं आमच्या पिशवीकडेच बघत होती. सावेडीत एका फर्निचरच्या दुकानावरचा हॉल होता. मांडववाल्याच्या लाल खुर्च्या, खिडक्यांना चादरी. पंचांनी सुरुवातीलाच बजावलं की मोबाईल आपापला आणि त्याची जबाबदारी आपापली. दोन डाव आम्ही जिंकलो. शेवटच्या डावात समोर नगरचीच जोडी. त्यातला एक चष्मेवाला मुलगा होता. तो खेळायला बसायच्या आधी पँटला पुन्हा पुन्हा हात पुसत होता. पूर्वी मला हे दिसलं नसतं.

चार-चार फेऱ्या झाल्या. शेवटची फेरी. निल्या आधी गेला. "पडलो. खिडकीत एक," तो म्हणाला, वेळ सांगावी तशाच आवाजात. खिडकीतला मी टिपला. उरलो मी आणि चष्मेवाला. तो गल्लीच्या तोंडाशी आला. मी कोपरा सोडला नव्हता. हात सैल होता, नेम बरोबर होता. मी अंगठा दाबला. काहीच झालं नाही. अंगठा नेमका उजव्या कोपऱ्यातल्या तड्यावर होता आणि काचेनं तो घेतलाच नाही. परत दाबेपर्यंत मी आडवा झालो होतो.

कान गरम झाले. ते होणारच होते, त्यांना मी काही शिकवलेलं नाही. तोंडात वाक्य तयार होतं. काच अडली, नाहीतर. सगळ्या हॉलला ऐकू जाईल एवढं मोठं वाक्य, आणि त्यातला शब्द न् शब्द खरा. मी मोबाईलकडे बघितलं. तडा बघितला. गव्हाण दिसली, बाज दिसली, वायर गुंडाळणारी निल्याची बोटं दिसली.

"पडलो," मी म्हणालो.

मग उठून पलीकडे गेलो आणि हात पुढं केला. "भारी मारलास," म्हणालो. चष्मेवाल्यानं खांदे कानापर्यंत वर ओढलेले होते. मार चुकवायला मूल ओढतं तसे. माझा हात हातात आल्यावर ते हळूहळू खाली आले. म्हणाला, आधीच्या जोडीनं हरल्यावर त्याच्या आईवरून शिव्या दिल्या होत्या. त्याला वाटलं आता हेही तेच करणार.

आम्ही चौघं जिन्याच्या पायऱ्यांवर ऊन खात बसलो आणि पिशवी उघडली. मीठ-तिखट लावून पेरू. त्या मुलांना पडीचा पेरू म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. एवढे गोड कुठं मिळतात, असं विचारत होते. निल्यानं सांगितलं की यासाठी आधी पडायला लागतं.

ते गेल्यावर निल्या बिया चघळत बसला. मग म्हणाला, "काच अडली ना?"

मी मान हलवली.

"मंग बोलला का न्हाईस?"

"काच मीच फोडली होती."

त्यानं रिकामी पिशवी झटकून घडी केली. "पुढच्या टायमाला," म्हणाला, "गव्हानीवर नको, कडब्यावर फेक."

अंगावरून एखादं ओझं उतरतं तेव्हा पहिल्यांदा काय जाणवतं? मला भूक जाणवली. सकाळपासून पेरूंशिवाय काही खाल्लं नव्हतं आणि आता तेही संपले होते. हरलो होतो आणि काहीही तुटलं नव्हतं. निल्या शेजारी होता. दादांना काय सांगायचं याची भीती वाटत नव्हती. त्यांनी फळ्यावर जे नाव बघितलं होतं ते अजून तसंच होतं.

तिथंच पायरीवर बसून मी निळ्या कागदावर लिहिलं. निल्या शेजारून चढ शोधत होता. "ह्यो बघ, चढ," म्हणून बोट ठेवायचा आणि मी तो शब्द बदलायचो. पहिल्याच ओळीत "पत्र" लिहिलं होतं, तेही गेलं. एवढं विचार करून मी परीक्षेतही कधी लिहिलं नव्हतं. चौकातल्या लाल पेटीत टाकलं आणि स्टेशन गाठलं.

सोमवारी बागेत गेलो तर मावशी मला बघून कानांवर हात ठेवून बसली. दादा काहीतरी बोलायला गेले तर तिनं त्यांनाही गप्प केलं. टोळीतल्या बायकांना निल्याच्या घरून निकाल कधीच कळला होता, त्या पदर तोंडाला लावून हसत होत्या. पत्र गुरुवारी आलं. तोवर चार दिवस जिल्ह्यात तेवढी एकच बाई उरली होती जिला आमचं काय झालं ते माहीत नव्हतं. तिनं ते विहिरीच्या कठड्यावर बसून, ओठ हलवत, एकटीनं वाचलं. दोनदा. कुणाला मध्ये येऊ दिलं नाही. मग घडी करून कमरेच्या पिशवीत ठेवलं आणि उठून मला म्हणाली, "बांधाकडची रांग तुझी."

त्या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. मी पदवीधर झालो, आमच्या घरातला पहिला. नोकरीच्या परीक्षेत दोनदा नापास झालो. दोन्ही वेळा दादांना फोन केला आणि म्हणालो, "दादा, पडलो." त्यांनी पेपर कठीण होता का ते विचारलं नाही. "बरं, ये जेवायला," म्हणाले. तिसऱ्यांदा पास झालो. निल्या केंद्र सांभाळतो, आता त्याच्याकडे तीन गावांचं दूध येतं. आणि रविवारी मी त्याच फर्निचरच्या दुकानावरच्या हॉलमध्ये पंच म्हणून बसतो. पोरं मोबाईल आपटतात, जोडीदारावर ओरडतात, नेटला शिव्या देतात. मी त्यांना भाषण देत नाही. एवढंच सांगतो की माझ्या टेबलाशी येऊन पहिला शब्द "पडलो" म्हणा, मग तक्रार सांगा. बहुतेकांची तक्रार त्या शब्दानंतर आपोआप लहान होते. काहींची खरी असते, ती मी ऐकतो. माझे स्वतःचे कान अजून गरम होतात. सिग्नलला कुणी मागून हॉर्न वाजवत राहिलं की होतात. फक्त आता मी त्यांची वाट बघतो, थोड्या वेळात गार होतात.

गेल्या दिवाळीत मावशीकडे गेलो होतो. गुडघे दुखतात म्हणून ती आता झाडाला जात नाही, शेडमध्ये बसून निवड करते. बोलता बोलता तिनं ट्रंकेतून तो निळा कागद काढला. घड्यांवर फाटला होता, आतून चिकटपट्टी लावली होती. मी फोटो काढून घेतला. ती म्हणाली, आता तिला चढ जमतात, पाहिजे तसं लिही. पण हे जसं लिहिलं तसंच इथं उतरवतो.

सुमन मावशी,

हा तुझा कागद. तुझं नाव तू लिहिलं, बाकी मी लिहितो.

सावेडीत दोन डाव जिंकलो. शेवटचा डाव हरलो.

आधी निलेश पडला. तो पडलो बोलला. मग मी पडलो. मी पण पडलो बोललो. बाकी काही बोललो नाही. शिवी नाही. फांदीचं नाव पण नाही.

काच अडली होती. ती मीच फोडली होती. हे निलेशला ठाऊक आहे, आता तुला.

समोरचा मुलगा घाबरला होता. मी हात दिला, मग तो हसला. चौघे मिळून पायरीवर तुझे पेरू खात बसलो. एकही उरला नाही.

मला वाटलं होतं, हरलो की रडू येईल. भूक लागली.

निलेश शेजारी बसून चुका काढतोय. तो माझाच आहे अजून.

आता बागेत येतो. मला उंच फांदी दे. पडला तर ओरडून सांगीन.

तुझा
सागर